जंगलालगतच्या लहान लॉजमध्ये वीज कशी वाचवावी

चंद्रपूरहून ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वाराकडे निघालेल्या पाहुण्याला वाघाच्या कितीतरी आधी औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात आणि दुर्गापूर, पद्मापूर भागातल्या कोळसा खाणींच्या मातीचे डोंगर दिसतात. २,९२० मेगावॉट क्षमतेचे हे केंद्र ज्या इरई धरणाचे पाणी वापरते, त्याच धरणाचे पाणी पुढे मोहर्लीच्या काठाला लागते. आपल्या लॉजमधला दिवा, तो पेटवणारा कोळसा आणि पाहुणा जे पाहायला आला आहे ते जंगल ही तिन्ही इथे एकमेकांच्या शेजारी नांदतात. म्हणून विदर्भातल्या खेड्यात चार-सहा खोल्यांचे लॉज किंवा होमस्टे चालवणाऱ्याने पर्यावरणाविषयी पाहुण्यांशी बोलायचे ठरवले असेल, तर भिंतीवर सुविचार रंगवून घेण्याआधी त्याने स्वतःचे मीटर वाचायला शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्टही आधीच सांगून टाकतो. वीज वाचवण्याचे काम पाहुण्याच्या सद्बुद्धीवर सोडू नये. तो सुट्टीवर आलेला असतो, त्याने पैसे मोजलेले असतात आणि पहाटे साडेचारला उठून तो दमलेला असतो. त्यामुळे बचतीचा मोठा भाग तो येण्याआधीच छप्पर, वायरिंग आणि नोकरवर्गाच्या वेळापत्रकात बसवून ठेवावा लागतो. पाहुण्याला सांगायचे ते त्यानंतर आणि मोजके. पुढची माहिती मुख्यतः ताडोबा परिसर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, पण पेंच, नागझिरा किंवा बोर या भागांनाही ती बहुतांशी लागू पडेल. चिखलदऱ्यासारख्या थंड हवेच्या ठिकाणी मात्र कूलरपेक्षा गरम पाण्याचा खर्च मोठा असतो, हे तिथल्या वाचकांनी लक्षात घ्यावे.

आधी मोजमाप

एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते, एवढे गणित पुरेसे आहे. आपल्या देशात एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि ते युनिट कोळशाचे असेल तर त्यासाठी साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. पुढे पाहुण्यांशी बोलताना ते कामी येतात.

एक साधी वही घ्यावी आणि तीत तारीख, मीटरचे रीडिंग आणि त्या रात्री भरलेल्या खोल्यांची संख्या असे तीन रकाने पाडावेत. सकाळच्या सफारीच्या जिप्सी निघून गेल्या की रोज त्याच वेळी रीडिंग लिहावे. महिन्याअखेरीस येणारे बिल 'जास्त आले' एवढेच सांगते, कशामुळे आले ते सांगत नाही. वही ते सांगते. ताडोबा मंगळवारी बंद असते, त्यामुळे बऱ्याच लॉजमध्ये सोमवारची रात्र रिकामी जाते. त्या रात्रीचे रीडिंग मुद्दाम काळजीपूर्वक घ्यावे, कारण एकही पाहुणा नसताना आपले घर किती वीज खाते, हे त्या एका आकड्यावरून कळते. फ्रीज, सेट टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, बाहेरचे दिवे आणि कोणीतरी चालू ठेवलेला गिझर अशी सगळी मंडळी त्या आकड्यात असतात. त्याच दिवशी भर दुपारी इन्व्हर्टरसकट घरातील सर्व उपकरणे बंद करून, मेन स्विच मात्र चालू ठेवून, मीटरवरचा लाल दिवा पाहावा. तरीही तो लुकलुकत राहिला तर कुठेतरी वीज गळते आहे असे समजून वायरमनला बोलवावे. जुन्या वायरिंगच्या घरात हा प्रकार दिसतो आणि तो बिलापेक्षा जिवाच्या दृष्टीने अधिक गंभीर असतो.

शक्य असल्यास प्रत्येक खोलीला स्वतंत्र सब-मीटर बसवावा. पाहुण्याकडून युनिटप्रमाणे पैसे वसूल करणे हा त्याचा हेतू नाही. सहा सारख्या खोल्यांपैकी एकच खोली दुप्पट वीज का घेते, हे त्यावाचून कधीच कळत नाही, आणि शोध घेतला की बहुधा तीच खोली पश्चिमेची निघते.

ऊन घरात येऊ न देणे

चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा ४७ अंशांपर्यंत गेलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. ताडोबात वाघ दिसण्याचा चांगला हंगामही नेमका एप्रिल-मेचाच, कारण पाणवठे आटतात आणि जनावरे उरलेल्या पाण्यावर येतात. म्हणजे पाहुण्यांची गर्दी आणि नवतपा (मेअखेरचे सर्वांत कडक उन्हाचे दिवस) हे दोन्ही एकदमच येतात, आणि लॉजच्या वर्षभराच्या विजेतला सर्वांत मोठा वाटा थंडाव्यावर जातो. म्हणून या भागावर थोडे जास्त लिहितो.

मातीच्या जाड भिंती, वर कवेलू (कौले), समोर ओसरी आणि मागे परसात कडुनिंब असे जुने घर ज्यांच्याकडे अजून उभे आहे, त्यांनी ते पाडून स्लॅब टाकण्याची घाई करू नये. सेवाग्रामची बापू कुटी माती, बांबू आणि कवेलूंचीच आहे, आणि ऐन उन्हाळ्यात आत बसून आलेल्या माणसाला तिथला गारवा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कवेलूंची खरी अडचण ऊन नसून माकडे आहेत. त्यांच्या उड्यांनी कवेलू फुटतात आणि दर पावसाळ्याआधी छप्पर फेरावे लागते, याच कारणाने गावोगावी टिना आल्या. टिनांचे छप्पर असेल तर खाली हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे आतले छत करावे आणि दोन्ही टोकांना हवा जाण्यासाठी जाळीची फट ठेवावी. या आतल्या छतावर तणस (भाताचा पेंढा) पसरण्याचा सल्ला काही जण देतात, पण त्या तणसाखालून वायर जात असेल तर हा सल्ला मानू नये.

स्लॅबचे घर असेल तर होळीच्या सुमारास गच्चीवर चुन्याचे दोन-तीन हात द्यावेत आणि चुना टिकावा म्हणून त्यात थोडा फेविकॉल मिसळावा. पांढरी गच्ची ऊन परतवून लावते; काळवंडलेली गच्ची दिवसभर तापते आणि ती उष्णता मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडत राहते. खाणपट्ट्यात धूळ काळी असते, त्यामुळे चुना मारून विसरून जाता येत नाही. एप्रिलच्या शेवटी एकदा गच्ची झाडून घ्यावी आणि गरज वाटल्यास आणखी एक हात द्यावा. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी दोननंतर थेट ऊन पडू देऊ नये. त्यासाठी भिंतीपासून थोड्या अंतरावर बांबूचा मांडव घालून त्यावर वेल चढवावा, आणि वेल वाढेपर्यंत हिरवी नेट बांधावी. खिडकीचे ऊन अडवायचे ते बाहेरून. काच ओलांडून आत आलेल्या उन्हाला आतला पडदा फारसे काही करू शकत नाही.

कूलर की एसी

विदर्भाचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे कूलर इथे मुंबई-कोकणापेक्षा कितीतरी चांगले काम देतो. दुपारी ४५ अंश तापमान आणि हवेत जेमतेम १०-१५ टक्के आर्द्रता असताना नीट देखभाल केलेला कूलर २७-२८ अंशांची हवा खोलीत सोडू शकतो. पंखा आणि पाण्याचा पंप मिळून त्याला साधारण २०० वॉट लागतात, म्हणजे दहा तासांची दोन युनिटे. त्याच खोलीत दीड टनाचा एसी तितकाच वेळ चालला तर कडक उन्हाच्या दिवसांत दहा ते पंधरा युनिटे सहज जातात. पाहुण्याला एसी हवाच असतो, हा आपणच करून घेतलेला समज आहे. बंद पडलेला, कुबट वास येणारा आणि खडखडणारा कूलर मात्र कोणालाच नको असतो.

कूलरची देखभाल म्हणजे काय, ते नेमके पाहू. कूलर खिडकीच्या बाहेर, सावलीत बसवावा; उन्हात बसवला तर टाकीतले पाणी तापते आणि सगळा उपयोगच जातो. गवताचे किंवा लाकडी लोकरीचे पॅड दर हंगामाला नवे घालावेत, आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने त्यांवर पांढरा थर धरला असेल तर हंगामाच्या मध्येही बदलावेत. पॅडवर पाणी सोडणाऱ्या नळीची भोके क्षाराने बुजतात, मग पॅडचा एक पट्टा कोरडा राहतो आणि तेवढ्यातून गरम फुफाटा आत येतो. त्यासाठी आठवड्यातून एकदा टाचणीने ती भोके मोकळी करावीत. कूलर सुरू करण्याआधी दहा मिनिटे नुसता पंप चालवून पॅड भिजू द्यावेत. त्याच आठवड्याच्या खेपेत टाकी पूर्ण रिकामी करून घासावी, नाहीतर पाहुणा वाघाऐवजी डेंग्यूची आठवण घेऊन जाईल.

सर्वांत मोठी चूक खिडकीची होते. एसीच्या सवयीने पाहुणा दारे-खिडक्या गच्च लावून घेतो, दमट हवा आत कोंडते आणि तासाभरात 'कूलर बेकार आहे' अशी तक्रार येते. समोरची खिडकी चार बोटे उघडी राहील असा अडसर तिला कायमचा लावून ठेवावा आणि जाळी बसवावी, म्हणजे सांगण्याचीच वेळ येत नाही. कूलर पाणीही पितो, मोठा असेल तर तासाला पाच-दहा लिटर, आणि मे महिन्यात गावाला टँकरची वाट पाहावी लागत असेल तर ही बचत तितकी निर्मळ राहत नाही. अशा गावात छप्पर आणि सावलीवरच अधिक खर्च करावा आणि कूलर फक्त पाहुणे खोलीत असतील तेवढाच वेळ चालवावा.

जून संपता संपता हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा वापरावा. ज्यांना एक-दोन खोल्यांत एसी ठेवणे भाग आहे, त्यांनी पाच तारांकित इन्व्हर्टर एसी घ्यावा, त्याचे भाडे वेगळे आकारावे आणि तापमान २४ ते २६ अंशांवर ठेवून सोबत छताचा पंखा मंद चालवावा. १ जानेवारी २०२० पासून तारांकन असलेले खोलीचे एसी सुरू करताच २४ अंशांवर असतील अशा मूळ मांडणीनेच बाजारात येतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबानुसार तापमान एक अंशाने वाढवले की साधारण सहा टक्के वीज वाचते, तेव्हा रिमोटवरचे १८ पाहून गप्प बसण्याचे कारण नाही.

पहाटे पाचचे गरम पाणी

सफारीच्या लॉजचे एक वैशिष्ट्य असे की सर्व खोल्यांतले पाहुणे एकाच वेळी उठतात. डिसेंबरच्या पहाटे पाच वाजता सहा गिझर एकदम सुरू झाले की १२ किलोवॉटचा भार एका क्षणात येतो, व्होल्टेज खाली जाते, आणि गावातली डीपी (वीज रोहित्र) आधीच अशक्त असेल तर फ्यूज उडून सगळ्या गल्लीचा अंधार आपल्या नावावर जमा होतो.

इथे सौर बंबाइतके सरळ उत्तर दुसरे नाही, कारण आदल्या दिवशीच्या उन्हाने तापलेले पाणी उष्णतारोधक टाकीत पहाटेपर्यंत चांगले गरम राहते. बारा पाहुण्यांनी बादलीने आंघोळ करायची म्हटली तर २०० लिटरची यंत्रणा पुरते, कारण टाकीतले कडक पाणी थंड पाण्यात मिसळूनच वापरले जाते. घेताना मात्र आपल्या पाण्याचा विचार करावा. चंद्रपूर-यवतमाळकडच्या अनेक बोअरचे पाणी जड आहे आणि काचेच्या नळ्यांत क्षार साचून दोन-तीन वर्षांत पाणी कोमट येऊ लागते. विक्रेत्याला पाण्याचा नमुना दाखवूनच यंत्रणा ठरवावी आणि वर्षातून एकदा टाकी व नळ्या धुऊन घेण्याचे त्याच्याकडून लिहून घ्यावे. नळ्यांवर जाड जाळी हवीच, माकडे गच्चीवर येणारच आहेत. टाकीपासून न्हाणीपर्यंतचा पाइप जितका लांब, तितके थंड पाणी आधी वाहून जाते. म्हणून पाइपला आच्छादन घालावे आणि नळाखाली एक रिकामी बादली ठेवून ते पाणी झाडांना घालावे.

आंघोळ बादलीने की शॉवरने, यात मोठा फरक आहे. २० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला साधारण अर्धे युनिट लागते; दहा मिनिटे शॉवरखाली उभे राहिले की ८० लिटरांहून अधिक पाणी जाते आणि तेवढ्यासाठी जवळजवळ दोन युनिटे खर्च होतात. शॉवर काढून टाका असे मी म्हणणार नाही, पण स्वच्छ पितळी बादली, तांब्या आणि बसायला पाट असा जामानिमा न्हाणीत मांडून ठेवला तर शहरातला पाहुणाही हौसेने बादलीने आंघोळ करतो.

पाण्याचा जुना तांब्याचा बंब ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो खुशाल वापरावा, फक्त त्यात जंगलातले लाकूड घालू नये. सरपणासाठी आणि मोहफुलांसाठी जंगलात गेलेल्या माणसांवर वाघाने हल्ला केल्याच्या बातम्या या जिल्ह्यात दरवर्षी येतात, आणि आपल्या पाहुण्याच्या आंघोळीसाठी कोणी ती जोखीम घ्यावी, यात कसली आली पर्यावरणाची जाणीव? पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) आणि तुराट्या शेतातून निघतातच. गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाटी बांधावर रचून ठेवणे तसेही योग्य नाही, तेव्हा थंडीच्या दिवसांत ती बंबात संपवावी. गिझर ठेवायचाच असेल तर त्याचे तापमान ५० अंशांच्या आसपास बांधून टाकावे आणि सहा गिझरांना दोन पाळ्यांत चालवणारा टायमर बसवावा.

पंखे आणि दिवे

या बाबतीत फारसे सांगण्यासारखे नाही, कारण हिशेब सरळ आहे. साधा छताचा पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा पूर्ण वेगाला ३० वॉटच्या आसपास. सहा खोल्यांत दोन-दोन पंखे रोज चौदा तास चालत असतील तर १२.६ युनिटांऐवजी पाच युनिटांत काम होते. पंख्यांची अदलाबदल एकदम करणे परवडत नसेल तर ज्या खोल्या जास्त भरतात तिथून सुरुवात करावी. पिवळा बल्ब कुठे उरला असेल तर तो आजच काढावा. ६० वॉटचे काम ९ वॉटचा एलईडी करतो.

बाहेरच्या दिव्यांत युनिटांची बचत थोडी होते, पण तिथला मुद्दा निराळा आहे. बफर क्षेत्रातल्या, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतालच्या पट्ट्यातल्या गावात रात्रभर जळणारा पांढरा हॅलोजन कीटकांना ओढतो, त्यांच्यामागे बेडूक येतात आणि बेडकांच्या मागे साप पाहुण्यांच्या दारापर्यंत येतो. म्हणून कुंपणावरचे मोठे दिवे काढून पायवाटेलगत गुडघ्याच्या उंचीवर, प्रकाश फक्त जमिनीवर पडेल असे झाकण असलेले पिवळसर एलईडी लावावेत आणि न्हाणीघराकडच्या वाटेवर माणूस आला की लागणारा सेन्सरचा दिवा बसवावा. वाट पूर्ण अंधारी ठेवू नये. अस्वल आणि बिबट गावाच्या कडेला येतात, तिथे काटकसरीच्या नावाखाली धोका पत्करण्यात शहाणपण नाही.

जिप्सी निघाल्यानंतरची दहा मिनिटे

सफारीचे वेळापत्रक हे आपल्या हातातले सर्वांत स्वस्त साधन आहे. पहाटे पाहुणे निघाले की दहाच्या सुमारास परततात, दुपारी जेवून विश्रांती घेतात, पुन्हा निघतात आणि अंधार पडता पडता येतात. म्हणजे दिवसातले सात-आठ तास खोल्या हमखास रिकाम्या असतात आणि त्या कधी रिकाम्या असतील हे आदल्या रात्रीच माहीत असते. प्रत्येक खोलीच्या बाहेर, दाराशेजारी त्या खोलीचा एक मेन स्विच काढून घ्यावा. जिप्सी फाटकाबाहेर पडली की कामावरच्या ताईने किंवा दादाने सहाही स्विच पाडत जायचे, एवढाच नियम.

या नियमात एक पळवाट मुद्दाम ठेवावी लागते. वन्यजीव छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावून जातात, आणि परत आल्यावर त्या रिकाम्या सापडल्या तर पर्यावरण, लॉज आणि मालक या तिघांनाही शिव्या बसतात. म्हणून प्रत्येक खोलीत टेबलाजवळचा एक सॉकेट मेन स्विचला न जोडता वेगळ्या लाइनवर ठेवावा आणि त्यावर 'हा सॉकेट कायम सुरू असतो. कॅमेरा व मोबाइल येथेच लावावा' अशी चिठ्ठी चिकटवावी. कार्ड घालून चालू होणारे स्विच बाजारात मिळतात, पण पाहुणे त्यात जुने भेटकार्ड खोचून ठेवतात, हे कोणीही लॉजवाला सांगेल.

टीव्ही खोलीत ठेवावाच का, हा प्रश्नही विचारून पाहावा. नुसत्या सेट टॉप बॉक्सला दिवसरात्र १२ वॉट लागत असतील तर सहा खोल्यांत रोज पावणेदोन युनिटे कोणीही काहीही न पाहता जातात.

स्वयंपाकघर आणि पंप

फ्रीज चुलीजवळ किंवा उन्हाच्या भिंतीला टेकून ठेवू नये, मागे वीतभर जागा सोडावी. दाराच्या रबरात कागद धरून दार लावावे आणि कागद ओढून पाहावा. तो सहज निघून आला तर रबर बदलण्याची वेळ झाली आहे. पिण्याच्या पाण्यासाठी ओसरीवर वाळूत बसवलेले मोठे रांजण ठेवावेत, म्हणजे फ्रीजचे दार दिवसभर उघडावे लागत नाही आणि प्लॅस्टिकच्या बाटल्याही वाचतात. पाणी गाळलेले आणि शुद्ध केलेले असावे आणि तसे पाहुण्याला दिसले पाहिजे, नाहीतर तो रांजणाकडे पाहून बिसलेरी मागतो.

बोअरचा एक अश्वशक्तीचा पंप तासाला जवळपास एक युनिट घेतो. टाकी भरून वाहू लागल्यावर कोणाच्या तरी लक्षात येऊन तो बंद होतो, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रघात. टाकी भरताच पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवला की हा प्रश्न मिटतो.

सौर पॅनेल घेण्याआधी

सौर पॅनेल हे या यादीत शेवटी आले आहेत ते मुद्दामच. आधी वापर निम्म्यावर आणावा आणि मग उरलेल्या गरजेपुरते पॅनेल घ्यावेत, नाहीतर उधळपट्टीलाच मोठे पॅनेल बसवल्यासारखे होते. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिटे मिळतात. विदर्भात ऊन जास्त म्हणून वीजही मे महिन्यात सर्वाधिक मिळेल, ही समजूत पूर्ण खरी नाही. पॅनेल तापले की त्यांची क्षमता घटते, आणि नवतप्यात ६५-७० अंशांना पोचलेले पॅनेल आपल्या क्षमतेच्या दहा-पंधरा टक्के गमावून बसते. म्हणून ते स्लॅबला चिकटवून न बसवता खालून हवा खेळेल इतक्या उंचीवर बसवावेत, आणि कोळशाची धूळ असलेल्या भागात आठवड्याला सकाळी थंड असतानाच पाण्याने पुसावेत. पॅनेलला ऊन मिळावे म्हणून घराच्या पश्चिमेचा कडुनिंब किंवा मोह तोडू नये. त्यापेक्षा गोठ्याच्या छपराचा विचार करावा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट व त्यावरील यंत्रणेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, पण ते घरगुती जोडणीला. आपले मीटर व्यावसायिक वर्गात असेल तर ते मिळत नाही. होमस्टे चालवणाऱ्यांनी आपली जोडणी कोणत्या वर्गात मोडते, हे महावितरणच्या उपविभागीय कार्यालयातून लेखी घ्यावे. आणखी एक गोष्ट विक्रेते आवर्जून सांगत नाहीत. ग्रिडला जोडलेली साधी यंत्रणा लाइन गेली की स्वतःही बंद पडते, कारण तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या सुरक्षिततेसाठी ती तशीच बनवलेली असते. त्यामुळे भर उन्हात पॅनेल असूनही पंखा बंद, असा प्रसंग येतो. भारनियमनाच्या गावात बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा किंवा जुना इन्व्हर्टर वेगळा ठेवावा. पंखे बीएलडीसी केलेले असतील तर तीच बॅटरी दुपटीहून जास्त वेळ पुरते आणि जनरेटर सुरू करण्याची पाळी क्वचितच येते.

पाहुण्यांशी बोलणे

एवढे झाल्यावर बोलण्यात वजन येते. खोलीत दहा सूचनांचा फलक लावण्याऐवजी एकच चिठ्ठी ठेवावी: 'या खोलीची वीज कोळशावर तयार होते, तो कोळसा तुम्ही आलात त्या रस्त्याच्या कडेला निघतो. तुम्ही सफारीला गेल्यावर आम्ही खोलीची वीज बंद करतो.' यात विनवणी नाही, उपदेशही नाही. सब-मीटर असेल तर निघताना पावतीवर एक ओळ वाढवावी, जसे 'दोन रात्री, ९ युनिटे, अंदाजे ६ किलो कार्बन डायऑक्साइड'. पैसे त्यासाठी घ्यायचे नाहीत. शेजारच्या खोलीची किती झाली, हे पाहुणे आपसांत विचारतातच, आणि लहान मुले तर हमखास विचारतात. कोणाची युनिटे जास्त झाली म्हणून चारचौघांत टोकू नये.

बहुधा मार्चच्या शेवटच्या शनिवारी रात्री साडेआठ ते साडेनऊ जगभर 'अर्थ अवर' पाळला जातो, आणि तो दिवस आपल्या हंगामातच येतो. अवश्य पाळावा, पण दिवे मालवून त्यांच्या जागी पन्नास मेणबत्त्या लावण्याचा थाट करू नये. त्यापेक्षा हंगामातल्या प्रत्येक अमावास्येला जेवणानंतर तासभर बाहेरचे सर्व दिवे बंद ठेवून पाहुण्यांना गच्चीवर न्यावे. गच्चीवरच न्यावे, अंगणात किंवा शेताकडे नको. तिथे चंद्रपूरच्या दिशेला क्षितिजावर पिवळट उजेड दिसतो आणि दुसऱ्या बाजूला जंगलावर आकाशगंगा दिसते. गावातला एखादा गाईड सोबत असेल तर तो रातवा पक्ष्याचा आवाज आणि चितळांचा इशारा ओळखून सांगेल. असे काम त्याला मानधन देऊन करवून घ्यावे.

पावसाळ्याची बंदी

१ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर क्षेत्र, म्हणजे जंगलाचा गाभा, बंद असते आणि बहुतेक लॉज रिकामे होतात. त्या तीन महिन्यांसाठी दोनपैकी एक फ्रीज रिकामा करून, पुसून, दार किंचित उघडे ठेवून बंद करावा, नाहीतर बुरशी धरते. गिझर, सेट टॉप बॉक्स आणि स्टॅबिलायझर यांचे प्लग काढून ठेवावेत. विजा कडाडण्याच्या दिवसांत त्यांच्या जिवालाही ते बरे. कूलरचे पॅड काढून टाकावेत, टाकी कोरडी करून तळाला गंजरोधक रंगाचा हात द्यावा आणि पंप फडक्यात गुंडाळून घरात ठेवावा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालून ती महिन्यातून एकदा वापरून पुन्हा पूर्ण चार्ज करावी. रीडिंगची वही मात्र या काळातही बंद करू नये. रिकाम्या घराचा आकडा ऑगस्टमध्येही जूनइतकाच येत असेल, तर ऑक्टोबर उजाडण्याआधी वायरमनला एकदा बोलावणे आले.